मॅनेजर माईक हातात घेतो

लंडनच्या किंग्ज रोडवर, चेल्सीच्या पार टोकाला, 430 क्रमांकाचं एक अरुंद दुकान आहे. दारावर भलंमोठं घड्याळ. त्यावर आकडे तेरा, आणि काटे उलटे, गरागरा फिरणारे. आत व्हिव्हियन वेस्टवूडचे कपडे मिळतात. किमती विचारू नका, तुम्ही खरेदीला आलेला नाहीत. नुसते घड्याळाखाली उभे राहा आणि काट्यांना त्यांचं काम करू द्या. 1980च्या मागे गेलात की घड्याळच नाहीसं होईल, कारण ते तेव्हाच बसवलंय. तिथून पुढे, म्हणजे मागे, तुमचं तुम्ही.

पाटी आता वेगळी दिसतेय. गुलाबी फोम रबराची, चार फूट उंच अक्षरं: 'सेक्स'. महिना ऑगस्ट, साल 1975. रस्त्याने जाणाऱ्या आज्या तोंड फिरवून पाय उचलतात. तुमच्या खिशातलं प्लास्टिकचं कार्ड इथे कामाचं नाही आणि फोन म्हणजे नुसती काच. आत शिरा आणि रबरी कपडे टांगलेत त्या भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभे राहा.

दुकान बंद व्हायची वेळ आहे. जवळच्या पबमधून पाचसहा जण आत येतात. त्यांच्यात एक हिरवट केसांचा, पोक काढून चालणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, जॉन लायडन. अंगात पिंक फ्लॉइड बँडचा टी-शर्ट, आणि त्या नावाच्या वर त्याने स्वतःच लिहिलंय की मला यांचा तिटकारा आहे. हा टी-शर्ट पहिल्यांदा नजरेत भरला तो बर्नी ऱ्होड्सच्या. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे फारसं कोणी ठेवणार नाही. जूकबॉक्सवर ॲलिस कूपरचं 'आय ॲम एटीन' लागतं. मुलाच्या हातात माईक म्हणून शॉवरचं तोंड दिलं जातं. हं, म्हण. तो म्हणत बिणत नाही. वेडावतो, कण्हतो, वाकडातिकडा होतो. गिटारवाला स्टीव्ह जोन्स, ड्रमवाला पॉल कुक आणि शनिवारी याच दुकानात नोकरी करणारा ग्लेन मॅटलॉक, गायकाच्या शोधात असलेल्या बँडचे हे तिघं फिदीफिदी हसतात.

आता त्या काटकुळ्या, लालसर कुरळ्या केसांच्या माणसाकडे पाहा. दुकानाचा भागीदार-मालक, वय 29, माल्कम मॅक्लॅरन. मुलाला सूर नाही हे त्यालाही ऐकू येतंय, पण त्याने त्याचं काही अडत नाही. आज तो दुसऱ्याच्या हातात माईक देतोय. सात वर्षांनी स्वतःच्या रेकॉर्डसाठी माईकसमोर उभा राहील, तेव्हा त्याच्याकडेही सूर नसेल, वर तालाचीही बोंब असेल. तरीही त्याची गाणी इंग्लंडच्या पहिल्या दहांत जातील. तुम्ही आलात ते हे कसं झालं ते पाहायला.

त्याची कुंडली थोडक्यात. जन्म 22 जानेवारी 1946, लंडनमधलं स्टोक न्यूइंग्टन. बाप लहानपणीच घर सोडून गेला, वाढवलं आजीने, आणि ही आजी नातवाच्या खोड्यांना खतपाणी घालणारी. मग एकामागून एक कला महाविद्यालयं. 1968 साली क्रॉयडनच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला त्यात हा आणि त्याचा सहाध्यायी जेमी रीड पुढे. फ्रान्समध्ये तेव्हा 'सिच्युएशनिस्ट' म्हणवणारी मंडळी होती. समाज हाच एक तमाशा झालाय, तर त्या तमाशात आपला दुसरा तमाशा घुसवा, असा त्यांचा खाक्या. चित्रकला याला कितपत आली कोण जाणे, हा खाक्या मात्र पक्का बसला. 1971 मध्ये वेस्टवूडबरोबर हे दुकान काढलं. आधी पन्नासच्या दशकातल्या टेडी बॉइजचे कपडे, मग मोटारसायकलवाल्यांची चामडी जाकिटं, मग हे रबर. दर दोनेक वर्षांनी माल बदलायचा, पाटी बदलायची.

1975च्या सुरुवातीला तो न्यू यॉर्कला जाऊन आलाय. 'न्यू यॉर्क डॉल्स' हा बँड दारू आणि ड्रग्जपायी मोडकळीला आला होता. याने त्यांना लाल चकचकीत चामड्यात घातलं आणि पाठीमागे विळा-हातोड्याचा झेंडा लावला. व्हिएतनामचं युद्ध अजून संपायचं होतं. अमेरिकन प्रेक्षकाला यात गंमत वाटली नाही. बँड फ्लोरिडात फुटला, आणि मॅक्लॅरन त्यांच्यातल्या सिल्व्हेनची गिटार घेऊन लंडनला परतला. ती गिटार आता स्टीव्ह जोन्सच्या गळ्यात आहे.

दहा महिने पुढे या, आणि उत्तरेला. मँचेस्टर, 4 जून 1976, शुक्रवार. पीटर स्ट्रीटवर फ्री ट्रेड हॉलची दगडी इमारत उभी आहे, आणि तिच्यातलं धाकटं सभागृह 'लेसर फ्री ट्रेड हॉल'. हावर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक पोरांनी लायडन आणि त्या तिघांच्या बँडचा, म्हणजे सेक्स पिस्टल्सचा, कार्यक्रम ठेवलाय. तिकीट पन्नास पेन्स. आतल्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या. पण तुम्ही आत जायची घाई करू नका, बघण्यासारखं बाहेर आहे.

दाराशी, काळ्या चामड्याच्या कपड्यांत, त्यांचा मॅनेजर मॅक्लॅरन स्वतः उभा राहून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारतोय. या, आत या, लंडनहून आलेत. जत्रेत तंबूबाहेर उभा राहून गिऱ्हाईक ओढणाऱ्या माणसाचा आविर्भाव. एवढ्यात स्टीव्ह डिगल नावाचा एक तरुण इमारतीपाशी येऊन थांबतो. त्याला भलत्याच कोणाला तरी भेटायचंय, बँड काढायच्या बोलणीसाठी. मॅक्लॅरन त्याच्याशी दोन वाक्यं बोलतो, बासवादकाचा विषय निघतो, आणि हा त्याचा हात धरल्यासारखा त्याला आत नेऊन तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या शेलीपुढे उभा करतो: घे, तुझा बासवादक आला. शेली खरोखरच बासवादकाची वाट पाहत होता, पण निराळ्याच. दोघांचा गैरसमज, आणि त्यातून 'बझकॉक्स' हा बँड उभा राहिला. 20 जुलैला पिस्टल्स पुन्हा मँचेस्टरला आले तेव्हा बझकॉक्स त्यांच्याआधी वाजवून गेले.

आत फार तर चाळीसेक लोक असतील. पीटर हुक आणि बर्नार्ड समनर तिथे आहेत, त्यांचा पुढे 'जॉय डिव्हिजन' होणार. मॉरिसी आहे, 'द स्मिथ्स'वाला. पुढे हजारभर लोक छातीठोकपणे सांगतील की आम्ही त्या रात्री हॉलमध्ये होतो. आता तुम्हीही सांगणार, आणि तुमच्यावर तरी कोण विश्वास ठेवील? पण लायडनपेक्षा मला दारातल्या माणसाची ती हाक महत्त्वाची वाटते. मंचावर जायला त्याला अजून तीन-चार वर्षं आहेत, तरी त्याचा प्रयोग सुरू झालाय. दाराशी उभं राहायचं, कोणी कुठे जायचं ते मोठ्याने सांगायचं, अनोळखी माणसांच्या गाठी मारून द्यायच्या. हे लक्षात असू द्या, न्यू यॉर्कला उपयोगी पडेल.

पुढचं वर्ष तुम्ही पळत पार करा, कारण ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. ऑक्टोबर 1976, ईएमआय कंपनीशी करार, 40,000 पौंड. 1 डिसेंबर, बिल ग्रंडीच्या टीव्ही कार्यक्रमात संध्याकाळच्या चहाच्या वेळी शिव्यांचा भडिमार, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना ऊत, दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द. जानेवारीत ईएमआयने हाकललं. 10 मार्च 1977ला बकिंगहॅम राजवाड्याबाहेर टेबल मांडून ए अँड एम कंपनीशी करार, आणि आठवड्याच्या आत तोही मोडला, 75,000 पौंड खिशात. मग व्हर्जिन. राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अख्खा देश रस्त्यावर पंगती मांडून बसलाय, आणि 7 जूनला पिस्टल्स थेम्स नदीत 'क्वीन एलिझाबेथ' नावाचीच बोट भाड्याने घेऊन राणीवरचं गाणं वाजवतायत. पोलीस बोट धक्क्याला लावायला लावतात. धरपकड होते, मॅक्लॅरनही आत जातो. बीबीसीने बंदी घातलेलं ते गाणं तक्त्यावर दुसऱ्या क्रमांकापर्यंत जातं.

हे सगळं मी आधीच ठरवलं होतं, असं मॅक्लॅरन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. ग्रंडीच्या रात्री मॅनेजरची पुरती घाबरगुंडी उडाली होती, असं बँडमधले लोक सांगत राहिले. मला बँडचं खरं वाटतं. त्याची बुद्धी योजनेची नव्हतीच. अंगावर कोसळलेल्या गोष्टीला दुसऱ्या दिवशी सकाळी 'ही माझी योजना' असं नाव देण्याची होती, आणि ते कसब काही कमी नाही.

14 जानेवारी 1978, सॅन फ्रान्सिस्को, विंटरलँड. लायडन मंचाच्या कडेला उकिडवा बसलाय आणि प्रेक्षकांना विचारतोय की आपल्याला फसवलं गेलंय असं तुम्हाला कधी वाटतं का. प्रश्न प्रेक्षकांना आहे की मॅनेजरला, हे ज्याने त्याने ठरवावं. बँड संपला. वर्षभराने सिड व्हिशसही गेला. मॅटलॉकच्या जागी आणलेला, धड वाजवता न येणारा, एकवीस वर्षांचा पोरगा.

आणि इथे, ज्याच्यासाठी तुम्ही आलात ते घडायला लागतं. पिस्टल्सवर सिनेमा निघत होता. गायकाने अंग काढून घेतलेलं आणि कोर्टात खटला घातलेला. 'द ग्रेट रॉक 'एन' रोल स्विंडल' या नावाने तो 1980 साली पडद्यावर आला, दिग्दर्शक ज्युलियन टेंपल. त्यात मॅक्लॅरन अफरातफर करणारा म्हणून स्वतःच उभा आहे आणि बँड काढून जगाला कसं लुबाडावं याचे धडे देतोय. त्यातच तो एक गाणंही म्हणतो, मॅक्स बायग्रेव्हजचं 'यू नीड हँड्स'. घरातल्या वडीलधाऱ्यांना आवडणारं जुनं गोडगोड गाणं, आणि म्हणतोय पंक संगीताचा बाप. नाटक कंपनी बुडाल्यावर तिच्या मॅनेजरने उरलेला पडदा पाठीमागे टांगून, तोंडाला रंग फासून स्वतःच नांदी म्हणायला उभं राहावं, तसं. आवाज पातळ. पण तो लाजत नाही. या माणसाला गाता येत नाही हे एकदा सगळ्यांनी ऐकलं की त्याची भीती संपते, आणि त्याची संपली.

मॅनेजरकीची खुमखुमी मात्र जायची होती. 1980च्या सुमारास ॲडम अँट हा गायक हजार पौंड मोजून त्याचा सल्ला घ्यायला आला. मॅक्लॅरनने सल्ला दिला आणि त्याचे तिन्ही वादक पळवले. लंडनच्या एका लाँड्रीत रेडिओबरोबर गाणारी तेरा वर्षांची मुलगी सापडली, रंगूनला जन्मलेली ॲनाबेला ल्विन. झाला 'बो वाव वाव' हा बँड. पहिलं गाणं रेडिओवरची गाणी घरच्या घरी कॅसेटवर उतरवून घेण्याचं गुणगान करणारं, आणि तेही ईएमआयने विकलं, कॅसेटवर. इथवर ठीक, हसू येतं. पण पुढच्या वर्षी एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या एका प्रसिद्ध चित्राची नक्कल करून रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याने त्या चौदा वर्षांच्या मुलीला विवस्त्र बसवलं. तिच्या आईने पोलिसांकडे तक्रार केली. याला कला म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. तुम्ही त्या फोटोच्या जागी जाऊ नका. मी नेणार नाही.

न्यू यॉर्कला चला, 1981. बो वाव वावच्या कार्यक्रमांसाठी मॅक्लॅरन इथे आलाय आणि मायकल होल्मन नावाचा तरुण त्याला ब्राँक्समध्ये घेऊन गेलाय, डीजे आफ्रिका बंबाटाच्या 'झुलू नेशन'च्या मैफिलीला. उघड्यावर स्पीकरचे डोंगर. पाचशे-हजार पोरं. टेबलावर दोन रेकॉर्ड प्लेयर, आणि एक हात तबकडीवर ठेवून तिला मागेपुढे ओढतोय. जवळ जा. सुईखालची तबकडी उलटी फिरते तेव्हा झिप, झिप, झिग असा आवाज येतो. त्या हाताला रेकॉर्ड जपायची नाहीये, वाजवायची आहे. एकाच ओळीचे दोन तुकडे दोन तबकड्यांवरून आळीपाळीने लावून तो दहा सेकंदांचा ठेका पाच मिनिटं ताणतो. ज्या रेकॉर्डवर ओरखडा उठला म्हणून तुमच्या घरी बोलणी खाल्ली जायची, तीच इथे वाद्य झालीय. हा आवाज काढायची युक्ती, म्हणजे स्क्रॅचिंग, ब्राँक्समधल्याच ग्रँड विझर्ड थिओडोर या मुलाची, सत्तरीच्या दशकातली, असं मानलं जातं. लंडनमध्ये त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही.

मॅक्लॅरनच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखणं अवघड नाही. वाद्य येत नसलेल्या पोरांनी दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून स्वतःचं संगीत काढलंय. म्हणजे पंक, पण गिटारचे तीन स्वरही शिकायची गरज नाही. म्हणजे मलाही जमेल.

पुढच्या वर्षी तो ट्रेव्हर हॉर्नला गाठतो. हॉर्न म्हणजे तेव्हाचा ब्रिटनमधला सगळ्यात टापटीप निर्माता. एबीसी या बँडची चकचकीत रेकॉर्ड त्याने नुकतीच काढलीय, एकेका स्वरावर दिवस घालवणारा माणूस. त्याला मॅक्लॅरनने काय विकलं, तर जगभरची लोकनृत्यं एका रेकॉर्डवर. टेनेसीच्या डोंगरातले फिडलवाले, न्यू यॉर्कची दोरीवरच्या उड्या मारणारी मुलं, दक्षिण आफ्रिकेतले झुलू. मधेमधे 'वर्ल्ड्स फेमस सुप्रीम टीम' या दोन रेडिओवाल्यांची बडबड, श्रोत्यांच्या फोनसकट. हॉर्न तयार झाला.

स्टुडिओत शिरा, आणि काचेच्या अलीकडे, यंत्रांच्या बाजूला थांबा. एका कोपऱ्यात फेअरलाइट हा संगणक आहे. त्यात कुठलाही आवाज भरायचा आणि पट्ट्यांवर वाजवायचा. तो जे.जे. येझालिक चालवतोय. पियानोवर ॲन डडली, ध्वनिमुद्रणाला गॅरी लँगन. हीच मंडळी पुढच्या वर्षी 'आर्ट ऑफ नॉइज' नावाने स्वतःचा बँड काढतील. ठोक्याचं यंत्र चालू आहे. सुप्रीम टीमने स्क्रॅचिंग भरून दिलंय. काचेपलीकडे हेडफोन लावून मॅक्लॅरन. गाणं 'बफेलो गॅल्स', 1844 साली छापलं गेलेलं अमेरिकन गाणं.

चालू. तो एक ओळ म्हणतो आणि ठेक्याच्या पुढे निघून जातो. पुन्हा. आता मागे राहतो. पुन्हा. आवाजाचं जाऊ द्या, पण एक-दोन-तीन-चार या चार मात्राही याच्या अंगात राहत नाहीत. शेवटी हॉर्न काचेपलीकडे जातो, त्याच्यासमोर उभा राहतो आणि ठेक्याबरोबर त्याच्या छातीवर थापा मारायला लागतो. थाप पडली की शब्द, थाप पडली की शब्द. पंकने ज्याच्यावर थुंकायचं तो गुळगुळीत पॉपचा कारागीर पंकच्या मॅनेजरच्या छातीवर ताल धरतोय, आणि मॅनेजर निमूट मार खातोय. इथे हसून घ्या, काच जाड आहे.

हसून झालं की तो काय म्हणतोय ते ऐका. हे गाणं म्हणजे स्क्वेअर डान्सच्या हाका आहेत. अमेरिकन खेड्यांत चार-चार जोड्या चौकोनात नाचतात, आणि कडेला एक 'कॉलर' उभा असतो. तो नाचत नाही, त्याने गायलाच पाहिजे असंही नाही. बाहेरून फिरा, आतून फिरा, जोडीदार बदला, अशा हाका देतो. मॅक्लॅरनने जगातल्या सगळ्या गाण्यांतून नेमकं हे उचललं, त्याच्याच पेशाचं. मँचेस्टरच्या दारात तो हेच करत होता. लोकांना वाटलं मॅनेजर गायक झाला. त्याने मॅनेजरकीच तबकडीवर चढवली होती. हे गाणं जिच्यावर आहे ती 'डक रॉक' ही अख्खी रेकॉर्ड अशीच आहे. गाणारे, वाजवणारे, नाचणारे दुसरे. हा कडेला उभा राहून हाका देतो, ओळख करून देतो, पुढच्या माणसाला पुढे ढकलतो. सूर-ताल नसलेल्या माणसासाठी याहून योग्य भूमिका कोणी लिहिली नसती.

नोव्हेंबर 1982 मध्ये गाणं बाहेर पडलं, नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. व्हिडिओत रॉक स्टेडी क्रूची पोरं डोक्यावर गरगर फिरतात, डोंडी व्हाइट भिंतीवर फवारणीने अक्षरं काढतो, वेस्टवूडच्या उंच टोप्या मिरवतात. इंग्लंडमधल्या गावोगावच्या मुलांनी स्क्रॅचिंग आणि ब्रेकडान्स पहिल्यांदा पाहिलं ते इथे. दुसऱ्या दिवशी ती मुलं पुठ्ठ्याचे खोके फाडून फुटपाथवर अंथरायला लागली.

आता एक अवघड मुक्काम: जोहान्सबर्ग, त्याच रेकॉर्डच्या कामाचा काळ. तुमचा पासपोर्ट इथे दाखवू नका. भारताने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार 1946 सालीच तोडलाय, आणि या काळातल्या भारतीय पासपोर्टवर, हा दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही, असं स्पष्ट छापलेलं असतं. शिवाय इथल्या कायद्याने तुम्ही 'इंडियन'. राहायची वस्ती वेगळी, डबा वेगळा, बाक वेगळा. गोऱ्या मॅक्लॅरनला ही अडचण नाही. संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्काराचं आवाहन केलंय, तेही त्याच्या कानाआड. स्टुडिओत गिटारवाले एक गोल, हसरी, पुन्हापुन्हा वळणारी सुरावट वाजवतात, बासगिटार खाली टुणटुण उडतेय, आणि तुमचे पाय आपोआप हलायला लागतात. हीच सुरावट 'डबल डच' होणार, न्यू यॉर्कच्या दोरीवर उड्या मारणाऱ्या मुलींचं गाणं. जुलै 1983, क्रमांक तीन. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी गाणं.

सुरावट 'बोयोयो बॉइज' या सोवेतोच्या बँडच्या 'पुलेंग' या गाण्याची. रेकॉर्डवर गीत-संगीत म्हणून नावं मॅक्लॅरन आणि हॉर्न यांची. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि पैसे देऊन कोर्टाबाहेर मिटलं. तीन वर्षांनी पॉल सायमनने 'ग्रेसलँड' काढली, तिचीही सुरुवात बोयोयो बॉइजच्याच एका गाण्यापासून. त्याने निदान वेष्टनावर त्यांची नावं लिहिली. मॅक्लॅरनच्या बाजूने बोलायचं तर आधी पोचला तो. आणि विरुद्ध बोलायचं तरी तेच बोलावं लागतं: आधी पोचला, म्हणून आधी उचललं. थिओडोरचा हात, सोवेतोची गिटार, ऱ्होड्सने पाहिलेला टी-शर्ट. या माणसाची नजर अस्सल होती आणि हात चोरटा, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच वस्तूवर पडायचे.

1984 साली तो पुच्चिनीकडे वळला. त्याच्या 'मॅडम बटरफ्लाय' या ऑपेरामधला सोप्रानो गायिकेचा टाहो ड्रम मशिनच्या ठेक्यावर, आणि मधे स्वतः बोलत कथा सांगणारा मॅक्लॅरन. क्रमांक तेरा. ऑपेरावाल्यांनी नाकं मुरडली, पण ते गाणं आजही ऐकवतं. मला विचाराल तर 'बफेलो गॅल्स'पेक्षा हेच उजवं. तिथे गंमत जास्त, इथे बाईचा आवाज आला की त्याची बडबड आपोआप बारीक होते आणि त्यालाही ते कळलेलं असतं. 1989च्या 'वॉल्ट्झ डार्लिंग'मध्ये बूटसी कॉलिन्सचा बास आहे, जेफ बेकची गिटार आहे, आणि हार्लेमच्या समलिंगी तरुणांच्या नाचसभांतलं 'व्होगिंग' आहे, विली निंजासकट. मडोनाचं 'व्होग' त्यानंतरच्या वर्षी आलं. तिची रेकॉर्ड जगभर गेली, याची विसरली गेली. चोरावर मोर म्हणतात ते असं.

त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातीसाठी त्याने यानी या संगीतकाराबरोबर एक सुरावट बांधली, देलीब या फ्रेंच संगीतकाराच्या 'लाक्मे' या ऑपेरातल्या दोन बायकांच्या गाण्यावरून. लाक्मे म्हणजे आपली लक्ष्मी हो. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानातल्या एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी, पॅरिसमध्ये 1883 साली रंगवलेली. आपल्याकडचा माल फिरून फिरून कुठे जातो बघा.

जानेवारी 1986मध्ये लंडनच्या कोर्टात तुम्हाला मुद्दाम नेलं नाही. तिथे सगळे सूटबूट घालून बसलेले असतात आणि कंटाळा येतो. लायडनने घातलेला खटला आठ वर्षांनी तडीला गेला आणि सेक्स पिस्टल्सची मिळकत, रेकॉर्डचे हक्क, तो सिनेमासुद्धा, मॅक्लॅरनच्या हातून निघून बँडकडे आला. सिडचा वाटा त्याच्या आईकडे. लुबाडणुकीचे धडे देणारा सिनेमा ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचा त्यात छदाम उरला नाही. यावर त्याचा चेहरा कसा झाला असेल ही कल्पना तुम्ही करा.

शेवटचा मुक्काम: लंडन, 22 एप्रिल 2010. मॅक्लॅरन दोन आठवड्यांपूर्वी, 8 एप्रिलला, स्वित्झर्लंडमध्ये कर्करोगाने गेला. वय 64. मॅरिलबोनच्या एका जुन्या चर्चमध्ये अंत्यविधी आहे. मागच्या रांगेत बसा. काळ्या शवपेटीवर त्याच्याच दुकानाची 1973 सालची पाटी फवारलीय, 'टू फास्ट टू लिव्ह, टू यंग टू डाय'. वेस्टवूड बोलायला उभी राहते. ती बोलत असतानाच गर्दीतून एकजण मधे पडतो आणि तिला सुनवायला लागतो. बर्नी ऱ्होड्स. कोणाची कल्पना होती, कोणी काय केलं, हा हिशेब पस्तीस वर्षांनी, मेलेल्या माणसासमोर, भर चर्चमध्ये चाललाय. लोक कुजबुजतात, कोणी हसतं. आजूबाजूचे पन्नाशीतले पंकवाले यात काही वावगं आहे असं मानत नाहीत.

बाहेर घोड्यांची गाडी उभी आहे. तिच्यामागे हिरवी डबलडेकर बस, समोरच्या पाटीवर गावाचं नाव नाही, 'कुठेच नाही' एवढंच इंग्रजीत. स्पीकरवर सिड व्हिशस ओरडतोय. मिरवणूक कॅमडनमधून हायगेटच्या दफनभूमीकडे निघते, दोन्ही बाजूंना माणसं, पोलिसांची धांदल. मुलगा जो कोरे याने जाहीर आवाहन केलंय की बरोब्बर दुपारी बाराला सगळ्यांनी एक मिनिटभर गोंधळ घालावा, आपली आवडती रेकॉर्ड मोठ्याने लावावी. शांतता पाळायचं एक मिनिट असतं ना, त्याच्या बरोब्बर उलट. तुमच्या डावीकडच्या टकल्याने पिस्टल्स लावलंय. उजवीकडची दोन पोरं फुटपाथवर जागा करून डोक्यावर फिरायच्या तयारीत आहेत. ते मिनिट आत्ता सुरू झालंय, आणि तुम्ही अजून हाताची घडी घालून उभे आहात.